घरातला चौथा माणूस

८ फेब्रुवारी, रविवार

रागावू नकोस. लिहायला फार उशीर केला. तू परगावी कामाला निघताना बसच्या दारात उभा राहून म्हणाला होतास, "बाबा, घरात काय चाललंय ते वहीत लिहून ठेवा, आल्यावर सगळं एकदम वाचीन." वही मी त्याच आठवड्यात आणली. पण पहिल्या पानावर काय लिहावं ते सुचेना. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी. माझं लिहिणं म्हणजे लाँड्रीतल्या कपड्यांवर खुणा करण्यापुरतं. त्यात चष्म्याची काडी मोडली, मग थंडी आली, मग माझा खोकला. असं करता करता दोन हिवाळे गेले. आता मात्र लिहायलाच हवं, कारण घरात काहीतरी शिजतंय आणि मला कोणी सांगत नाही.

आज रविवार, म्हणून तुझ्या शर्टांना इस्त्री केली. हॅंगरला टांगलेला शर्ट माणसाने घातला नाही तरी खांद्यावर मोडतोच, आणि कॉलर नुसती पडून राहिली तरी पिवळी होते. हॉटेलच्या लाँड्रीत आयुष्य गेलं, एवढं तर मला कळतं. निळा शर्ट झाला, करडा झाला, पांढऱ्याची बाही राहिली होती, तेवढ्यात सूनबाई आत आली आणि म्हणाली, "काल यांचा फोन आला होता, बाबा. तुम्ही झोपला होतात. तब्येत विचारत होते."

मी म्हटलं, "मग उठवायचं नाही का?"

"तेच म्हणाले, राहू दे, झोपू दे."

हे आता नेहमीचं झालंय. तुझा फोन येतो तो बरोबर मी झोपलेलो असतानाच. मी दुपारी किती झोपतो? डोळा लागला न लागला तोच उठतो. तेवढ्या वेळात तू फोन करतोस, बोलतोस, ठेवतोस. माझ्या मनात पाल चुकचुकली.

आणि दुसरी गोष्ट. दारातले तुझे बूट तिने उचलून आत ठेवलेत. मी पॉलिश करून रांगेत पहिले ठेवतो ते बूट. विचारलं, तर म्हणाली, "धूळ बसते." मी रोज पुसतो, धूळ बसेल कशी?

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज दुपारी मुद्दाम झोपलो नाही. खुर्चीत ताठ बसलो. फोन आला नाही. संध्याकाळी सूनबाई कामावरून आली (तिचा तो गोळ्या डब्यांत भरायचा कारखाना, हाताला अजून औषधाचा वास येतो), चहा ठेवला आणि म्हणाली, "आज यांचा फोन कारखान्यावर आला होता."

घ्या! मी जागा राहिलो की फोन कारखान्यावर.

भिंगरीला हळूच विचारलं. तुझी लेक आता पाच वर्षांची झाली, जिभेला हाड नाही. म्हणाली, "आजोबा, आई फोन कानाला लावून बोलते, पण फोन वाजतच नाही."

म्हणजे बघ. आवाज बंद करून ठेवते, मला ऐकू जाऊ नये म्हणून. तू काय सांगतोस, किती पाठवतोस, यातलं काही माझ्या कानावर येऊ द्यायचं नाही.

 आता डोळ्यांत तेल घालून बघायचं ठरवलंय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज खालच्या दुकानातल्या शिंप्याने असं काही सांगितलं, की वर आल्या आल्या वही उघडली.

मी उंबऱ्याशी टेकलो होतो. तो मशीन थांबवून म्हणाला, "काय हो काका, तुमच्या घराची फार चौकशी चाललीय. एक बाई आली होती. खांद्याला बॅग, गळ्यात ओळखपत्र. वर कोण कोण राहतं म्हणाली."

"कसली बाई?"

"बालभत्त्याच्या कचेरीतली. मुलांमागे सरकार पैसे देतं ना, त्याची तपासणी. मला विचारलं, ही बाई एकटीच मुलगी सांभाळते ना? मी म्हटलं, सासरे आहेत, पण ते सांभाळतात की त्यांना सांभाळावं लागतं, ते तुम्हीच बघा." आणि हसायला लागला. त्याच्या जिभेची कात्री मशीनवरच्या कात्रीपेक्षा धारदार.

मी म्हटलं, "एकटी कशी? नवरा आहे तिचा."

शिंप्याने सुई तोंडात धरली आणि माझ्याकडे बघितलं. मग सुई काढून म्हणाला, "काका, कमावता बाप घरात असला तर भत्ता नाममात्र मिळतो, किंवा मिळतच नाही. आई एकटी असली तर पुरता मिळतो. घरभाड्यालाही हातभार लागतो आणि पाळणाघराचाही. सूनबाईंनी एकटी पालक म्हणूनच नाव लावलंय. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला कसं माहीत असणार? मी घरात फक्त इस्त्री करतो.

आता सगळं लक्षात आलं. बूट आत ठेवले ते यासाठी. जिवंत, धडधाकट नवरा असताना सरकारी दप्तरात तिने तुला पुसून टाकलंय. इकडून तुझे पैसे, तिकडून सरकारचे. उद्या पकडलं तर? पोलीस येतील. भिंगरीला कुठल्या तरी अनाथाश्रमात नेतील. गॅसचा नळ बंद आहे ना, ते तीनदा बघून आलो.

१५ फेब्रुवारी, रविवार

जेवताना मी आडून विषय काढला. "हल्ली म्हणे सरकारी माणसं घरोघर फिरतात."

तिने घास तसाच ठेवला. मग म्हणाली, "बाबा, मीच सांगणार होते. भत्त्याची बाई येईल. तुम्ही घाबरू नका."

"मी कशाला घाबरू? मी काही केलेलं नाही."

"तसं नव्हे हो. ती विचारेल तेवढंच सांगा. खोटं काही सांगायचं नाही. मी तुम्हाला खोटं बोलायला कधीच सांगणार नाही. फक्त," इथे तिने भिंगरीच्या ताटातली भाजी उगीच इकडची तिकडे केली, "फक्त ते यांचे कपडे काही दिवस खोक्यात राहू देत. बघणाऱ्याला उगाच वेगळं वाटतं."

जेवण झाल्यावर तिने स्वतः सगळे शर्ट काढले, घड्या केल्या आणि पलंगाखालच्या खोक्यात भरले. घड्या बऱ्या केल्या, ते कबूल करतो. पण तिचा हात एका शर्टावर जरा जास्त वेळ राहिला. मला वाटलं, खिसा तपासते आहे.

खोटं बोलायचं नाही म्हणते आणि शर्ट लपवते. याला काय म्हणायचं?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज तुझी अब्रू राखली. सविस्तर लिहितो.

सूनबाई कारखान्यात. भिंगरीला ताप होता म्हणून पाळणाघरात पाठवली नव्हती. मला घर रिकामं रिकामं वाटत होतं, तेव्हा खोकं ओढलं. शर्टांची दशा बघवेना. काढले, पाणी शिंपडलं, इस्त्री तापवली. सगळे करून परत कपाटात टांगले. बूटही दारात आणून ठेवले. तुझ्याच वस्तऱ्याने दाढी केली. तुझा वस्तरा वापरला नाही तर गंजेल.

तेवढ्यात दार वाजलं. तीच बाई. चाळिशीची, पायांत सपाट चपला, बोलणं मऊ. मऊ बोलणाऱ्यांची मला जास्त भीती वाटते.

"आजोबा, आत येऊ का?"

मी तिला खुर्ची दिली, चहा विचारला. ती नको म्हणाली, पण तिची नजर दारातच अडली होती. "बूट कोणाचे?"

"माझ्या मुलाचे."

"इथे असतो का तो?"

आता मी काय सांगायला हवं होतं? मुलाच्या घरात बसून मी परक्या बाईला सांगू, की मुलगा इथला नाही? मी म्हटलं, "त्याचंच घर आहे. कामासाठी बाहेर असतो. येतो-जातो."

"शेवटचा कधी आला?"

"येतो हो. तारखा कोण ध्यानात ठेवतं?"

ती उठून आत गेली. कपाट उघडं होतं. तिने पांढऱ्या शर्टाच्या बाहीला हात लावला. कापड अजून गरम होतं. मोरीतला वस्तरा बघितला, ब्रशवरचा फेस बघितला. मग म्हणाली, "घरखर्चाला पैसे देतो का?"

"देणारच. माझा मुलगा आहे तो. बायकोपोरीला वाऱ्यावर सोडणारा नव्हे. गेल्याच आठवड्यात फोन आला होता."

पलंगावरून भिंगरी म्हणाली, "बाबा येतच नाहीत. माझे बाबा फोटोत आहेत."

मी हसून म्हटलं, "लहान आहे. विसरते."

बाई हसली नाही. लिहीत राहिली. जाताना भिंगरीच्या कपाळाला हात लावून बघितला आणि मला म्हणाली, "ताप आहे हिला. पाणी पाजत राहा."

गेली. मी जरा वेळ दाराला पाठ लावून उभा होतो. पण खोटं असं मी काय बोललो? आणि आता सूनबाईला तुला पुसता येणार नाही. चार माणसांचं घर आहे, आता चार माणसांचं म्हणूनच लिहिलं जाईल.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

भत्ता थांबला.

कचेरीतून कळवलंय, की घरात कमावता पुरुष राहतो असं तपासणीत दिसलं, म्हणून पुढचा निर्णय होईपर्यंत काही मिळणार नाही. आणि खोटी माहिती दिली असं ठरलं, तर आधीचंही परत मागतील.

मला वाटलं होतं, ती भांडेल. माझी उत्तरं तयार होती. पण तिने आरडाओरडा केला नाही. स्टुलावर बसली आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारत राहिली, सोडत राहिली. मग एवढंच विचारलं, "बाबा, तुम्ही शर्ट काढले होते?"

"पिवळे पडले असते."

"हो," म्हणाली. "पडले असते."

आणि उठून भांडी घासायला गेली. चोरी उघडी पडल्यावर माणूस गप्प बसतो, असं मी मनाशी म्हणत होतो. पण नळ चालू होता आणि भांडं एकच होतं. ती किती तरी वेळ तेच भांडं घासत होती.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पाळणाघर बंद. भिंगरी दिवसभर माझ्याकडे. सूनबाईने दुसरी पाळीही धरलीय. सकाळी अंधारात जाते, संध्याकाळी दिवे लागल्यावर येते. दूध अर्धं घेतो. मला चहात दूध लागत नाही, असं मी तिला सांगितलंय.

शिंप्याने दुकानातून हाक मारून म्हटलं, "काय काका, केलीत ना कडक इस्त्री? सगळं सपाट!" मी वर आलो. त्याला मध्ये बोलायचं काय कारण? त्यानेच तर त्या बाईचे कान भरले नसतील?

२ मार्च, सोमवार

आज सूनबाईला सुट्टी होती. मी सरळ म्हटलं, "माझ्यासमोर फोन लाव. मला त्याच्याशी बोलायचंय. तो आला, कचेरीत जाऊन उभा राहिला, की सगळं मिटेल."

ती म्हणाली, "राहू द्या ना, बाबा."

"का राहू द्या? लाव."

तिने लावला. फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. आतून बाईचा आवाज आला, की हा नंबर वापरात नाही.

मी म्हटलं, "चुकीचा लावलास." तिने मला आकडे दाखवले. मला ते पाठ आहेत. बरोबर होते. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"मग कारखान्यावर कुठल्या नंबरवरून आला होता?"

तिने भिंगरीला खाली शिंप्याकडे चिंध्या आणायला पाठवलं. दार ओढून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, फोन येत नव्हते. मी नुसतं सांगत होते."

"का?"

"पहिल्या वर्षी तुम्ही जेवण टाकलं होतं, आठवतं? ताट तसंच परत यायचं. एक दिवस मी म्हटलं, फोन आला होता, तुमचं विचारत होते. त्या दिवशी तुम्ही दोनदा वाढून घेतलंत. मग मी सांगतच राहिले."

 मी म्हटलं, "मग तो आहे कुठे? आजारी तर नाही? कोणी मारहाण, अपघात..."

"बरे आहेत. मी माणूस पाठवून बघितलंय. धडधाकट आहेत. तिकडे घर आहे त्यांना." आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "याच्यापुढचं मला विचारू नका."

मी विचारलं नाही.

तिकडे घर आहे म्हणजे कंपनीने खोली दिली असेल. चांगल्या कारागिराला देतात. पण मग नंबर का बदलला? हल्ली फोन चोरीला जातात. नवा नंबर कळवायला वेळ मिळाला नसेल. ठेकेदार सुट्टी देत नसेल. मला त्या ठेकेदाराचाच संशय येतो. तुला निरोप पाठवू देत नसेल.

पण वापरात नाही म्हणणारी ती बाई असं बोलत होती, जणू तिला तुझ्याबद्दल सगळं ठाऊक आहे.

५ मार्च, गुरुवार

न सांगता कचेरीत गेलो. भिंगरीला शिंप्याकडे बसवली. तिच्या पुढ्यात बटणांचा डबा ठेवून तो म्हणाला, "जा काका, पण तिथे तरी उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करू नका." मी त्याला आवडत नाही, हे नक्की. पण पोरीला त्याने दुपारी जेवू घातलं.

कचेरीत बाकांवर बायकाच बायका, मांडीवर पोरं. एक पोर माझ्या काठीला लोंबकळायला लागलं. त्याची आई म्हणाली, "आजोबा, तुम्हालाही लहान मूल आहे का?" सगळ्या हसल्या. मीही हसलो.

तीच बाई होती. मी म्हटलं, "मॅडम, ते शर्ट मीच इस्त्री करतो. घालत कोणी नाही. बूटही मीच पुसतो. दाढी मीच केली होती."

ती म्हणाली, "मला तेव्हाच थोडं वाटलं होतं, आजोबा. शर्टांना माणसाचा वासच नव्हता. पण तुम्ही तोंडाने सांगितलंत, राहतो म्हणून. मी ते कसं पुसणार? आता तुम्हीच जबाब द्या. मुलगा या घरात राहत नाही, खर्च देत नाही, एवढंच. तुम्ही त्याचे वडील, त्याच घरात राहणारे. तुमच्या जबाबावर काम होईल."

"मी फक्त शर्टांचं सांगायला आलोय."

"शर्टांचा रकाना नाही आमच्याकडे."

मी उठलो. बापाने सही करून द्यायची, की मुलगा राहत नाही? आणि उद्या त्याच सहीवर घरातला तुझा हक्क काढून घेतला तर? कोण जाणे आतून काय ठरलंय यांचं. दोघी बाया, एकीला दुसरीची बाजू. मी घरी आलो.

९ मार्च, सोमवार

घरमालकाचा माणूस येऊन गेला. सूनबाईने त्याच्याकडून महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली.

संध्याकाळी ती जिन्यात उभी राहून फोनवर बोलत होती. या वेळी फोन खरा वाजला होता, मी ऐकला. मी दाराआड उभा राहिलो. ऐकणं बरं नव्हे, पण माझ्याच घरात माझ्याशिवाय काही ठरत असेल तर मला कळायला नको? मी ओळखलं होतं, आता माझी रवानगी कुठे तरी होणार. म्हाताऱ्यांना ठेवतात तशा जागा असतात.

तिच्या भावाचा फोन होता. ती म्हणत होती, "नाही दादा, तसं नको... मला माहीत आहे तुझी एकच खोली आहे... दादा, ऐक ना. मी आणि भिंगरी दोघीच येणार नाही. बाबांना घेऊनच येईन... त्यांचा मुलगा गेला म्हणून मी पण टाकू त्यांना?... हो, त्यांच्यामुळेच झालं. मग? त्यांना कुठे कळतंय... बाबांना नाही घेणार तर राहू दे. मी बघते काय ते."

 मग नाक ओढल्याचा आवाज आला.

मी पाय न वाजवता आत येऊन खुर्चीत बसलो. ती आत आली आणि तिने विचारलं, "बाबा, चहा टाकू?" मी म्हटलं, टाक. तिने माझ्या चहात दूध घातलं. मी लागत नाही म्हटलं, तर म्हणाली, "माहीत आहे मला किती लागत नाही ते."

त्यांचा मुलगा गेला. असं म्हणाली ती. कामाला गेला, असं नाही म्हणाली.

११ मार्च, बुधवार

दाढी करून, स्वतःच्या कपड्यांना इस्त्री करून, भिंगरीला शिंप्याकडे ठेवून सकाळीच कचेरीत जाऊन बसलो. दार उघडायच्या आधी. शिपाई म्हणाला, "आजोबा, काय घाई आहे?" मी म्हटलं, "उशीर झालेला आहे."

बाईसमोर बसलो. म्हटलं, "लिहा."

ती म्हणाली, "तुम्ही सांगा, मी तुमच्याच शब्दांत लिहिते. मग वाचून दाखवते."

मी सांगितलं. माझा मुलगा माझ्या घरात राहत नाही. दोन हिवाळे झाले, आलेला नाही. खर्चाला काही देत नाही. सूनबाई एकटी मुलीला सांभाळते. हे शेवटचं सांगून झाल्यावर थांबलो आणि म्हटलं, "तिथे आणखी लिहा. मुलीला आणि म्हाताऱ्याला."

"म्हाताऱ्याला कशाला? भत्ता मुलीचा आहे."

"तरी लिहा."

तिने लिहिलं. मग मान खाली घालूनच विचारलं, "परत येणार आहे का तो?"

मी म्हटलं, "तुमच्याकडे हे कसं लिहितात?"

"माहीत नसलं तर 'माहीत नाही' असं लिहितात."

 तिने माठातलं पाणी आणून दिलं. ते पिऊन झालं तरी पेला हातातच होता. मागच्या बाकावरच्या एका पोराने हंबरडा फोडला, आणि मला बरं वाटलं, की कोणी तरी आवाज केला.

मी म्हटलं, "तसंच लिहा."

सही केली. अक्षर वाकडं आलं. बाई म्हणाली, चालेल.

१६ मार्च, सोमवार

भत्ता पुन्हा लागू झाला. मधला थांबलेलाही मिळणार आहे आणि आधीचं परत मागणार नाहीत. भिंगरी उद्यापासून पाळणाघरात. मी जबाब दिल्याचं सूनबाईला कोणी सांगितलं मला माहीत नाही, शिंप्यानेच सांगितलं असणार. ती माझ्या पाया पडायला वाकली. मी म्हटलं, "हे काय नाटक!" तशी ती हसायला लागली, आणि हसता हसता मध्येच तिला रडू फुटलं. मग भिंगरीही रडायला लागली, कारण आई रडते म्हणून.  मी दोघींना पाणी दिलं.

बाईने सांगितलंय, की पुन्हा केव्हाही न कळवता तपासणीला येऊ. घरात बदल झाला, कोणी राहायला आलं, तर लगेच सांगायचं. लपवलं तर या वेळी सोडणार नाही.

२१ मार्च, शनिवार

आज दुपारी जिन्यावर बुटांचा आवाज आला. जड, सावकाश, पुरुषाचा. आमच्या मजल्यापर्यंत आला आणि थांबला.

दोन वर्षं मी त्याच आवाजासाठी कान लावून बसलो होतो. आणि आज, खरं सांगतो, मी उठून दार उघडायला गेलो नाही. मी भिंगरीला जवळ ओढलं. मनात म्हटलं, तो नको असू दे. आत्ता नको. मग पलीकडच्या दाराची कडी वाजली. पाण्याचं मीटर बघणारा होता.

 भिंगरी म्हणाली, "आजोबा, दुखतंय, सोडा ना."

मी तुझ्याबद्दल असं मनात आणीन, असं मला कधी वाटलं नव्हतं. तू वाचशील तेव्हा बापाला काय म्हणायचं ते म्हण. पण आधी माझं ऐक. मी सही करून दिलीय. आता तू अचानक दारात उभा राहिलास, दोन दिवस राहून पुन्हा गेलास, तर मागे या दोघींच्या तोंडचा घास जाईल. तिकडे तुझं घर आहे, असं ती म्हणते. कसलं घर, कोणाचं घर, ते मी तिला विचारलं नाही, आणि तुलाही विचारत नाही. राहायला यायचं असेल तर राहायलाच ये. मीच जाऊन कचेरीत सांगेन, आमच्या घरात बदल झालाय म्हणून. ती बाई हसेल, हसू दे.

पण येतो-जातो असं आता चालणार नाही. तेव्हा येणार असशील तर आधी कळव. येणार नसशील तरी कळव. एका ओळीत चालेल. शिंप्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव, म्हणजे आधी माझ्या हातात पडेल. पण लवकर कळव.